हवेवर बसायचे तर हिशेबाने बसावे

वैशाखातली गोष्ट आहे. रविवारची संध्याकाळ होती. दिवसभराच्या उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि आम्ही गॅलरीत बसून चहा घेत होतो. तोच करमाळा तालुक्यातून धाकट्या बहिणीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण तिला धड बोलताही येत नव्हते. "दादा, पोरगं वाचलं बघ," हे एकच वाक्य ती तीन वेळा बोलली. चौथ्यांदा दाजींनी फोन घेतला आणि सगळी हकीकत सांगितली.

आमची बहीण उजनीच्या पाण्याकाठी राहते. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. यशवंतसागर असे त्या जलाशयाचे नाव. ११७ टी.एम.सी. पाणी त्यात मावते आणि तीन जिल्ह्यांच्या शिवारात ते पसरलेले आहे. धरणाने अनेकांची शेते गेली, आणि ज्यांना शेतेच नव्हती त्यांची मजुरीची रानेही गेली. आमच्या दाजींच्या वडिलांनी तेव्हा कुदळ ठेवली आणि जाळे धरले. दाजींनी तेच केले. आज आमचा भाचा तेच करतो.

दाजी अजून ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे धरतात. भाचा मात्र बारावी झालेला, मोबाईल पाहणारा. त्याने बहिणीच्या बचत गटातून कर्ज काढून हवा भरायची होडी मागविली. खोक्यावर चित्र होते. निळे पाणी, चार हसरी माणसे, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'वजन क्षमता २०० किलो'. तीन आठवडे होडी झकास चालली. त्या रविवारी त्याने सकाळी जाळी काढली, होडी काठावरच्या काळ्या खडकावर ओढली आणि घरी जेवायला गेला. तीन वाजता परत आला, जाळी टाकली, वर बसला आणि पाण्यात गेला. दीडशे हात आत गेल्यावर फुस्स असा आवाज झाला. एक वीतभर सांधा उघडला होता. पाच मिनिटांत होडीचे फडके झाले. पोराला पोहता येत होते, पण जाळ्याचा दोरा पायाच्या बोटांत अडकला. जाळ्याला खूण म्हणून बांधलेला वीस लिटरचा रिकामा कॅन हाताशी आला, त्याला तो लटकला. दाजी आपल्या ट्यूबवरून हात मारीत पोहोचले आणि दाताने दोरा तोडून त्याला काठाला आणले.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. बहिणीच्या दारात, लिंबाखाली ती होडी पसरलेली होती. कर्जाचे सात हप्ते अजून द्यायचे होते. सायंकाळी बचत गटाच्या बायका विहारात जमल्या. त्यांच्यापुढे आणखी दोन घरांचे अर्ज होते, तसल्याच होडीसाठी. गटाच्या अध्यक्षबाई आम्हांला म्हणाल्या, "जयभीम भाऊ. तुम्ही हिशेबाची माणसं. आम्हांला एवढंच सांगा, कर्ज द्यावं का नाही? उद्या कुणाचं पोर गेलं तर त्या वहीवर आमच्या सह्या आहेत."

वाचकहो, वीस वर्षे आम्ही कचेरीत खतावण्या तपासतो. सही करायची जबाबदारी काय असते ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून त्या रात्री घाईने उत्तर दिले नाही. दाजींबरोबर पाण्यावर जाऊन पाहिले, तालुक्याच्या पंक्चरवाल्याशी बोललो, पुण्याच्या दोन दुकानांत होड्या दाबून, उलटून पाहिल्या, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत. धरणाकाठी, तलावाकाठी आपले पुष्कळ बांधव राहतात. त्यांच्या घरात हा कागद जपून राहावा, एवढीच इच्छा.

सांगड जुनीच आहे

हवेच्या आधाराने पाणी ओलांडणे ही काही आजची युक्ती नाही. आपल्याकडे वाळलेले मोठे भोपळे बांधून सांगड करीत. 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, तो तिथूनच आला. असिरियाच्या राजवाड्यातील सुमारे एकोणतीसशे वर्षांपूर्वीची दगडी चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत शिपाई हवा भरलेल्या कातडी पिशव्या पोटाशी धरून नदी पोहताना दिसतात. १५३९ साली चौसा येथे शेरखानाने हुमायून बादशहाचा पराभव केला, तेव्हा बादशहा गंगेत बुडत होता. त्याला वाचविले ते एका पाणक्याने, भिश्त्याने, आपली फुगविलेली पखाल देऊन. पुढे बादशहाने त्याला थोड्या वेळापुरते सिंहासनावर बसविले असे जुने लेखक सांगतात. सिंहासनाचे राहू द्या. पण त्या भिश्त्याला आपली पखाल किती भार तोलेल हे ठाऊक होते. ती रोज त्याच्याच पाठीवर असे. साधन जाणून वापरणारा माणूस असा असतो.

किती तोलेल याचा हिशेब

पहिला प्रश्न वजनाचा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणून हवेने भरलेली वस्तू पूर्ण बुडाली असता जितके लिटर पाणी बाजूला सारील, तितके किलो ती तोलून धरील. त्यातून तिचे स्वतःचे वजन वजा करायचे. हे सूत्र आर्किमिडीजने बावीसशे वर्षांपूर्वी मांडले आणि ते कोणत्याही कंपनीच्या खोक्यापेक्षा खरे आहे.

मापायला शिंप्याची टेप पुरे. फुगवलेल्या नळीच्या जाडीभोवती टेप गुंडाळा. समजा तो घेर ७५ सेंटिमीटर भरला. ७५ गुणिले ७५, म्हणजे ५६२५. त्याला साडेबाराने भागा, ४५० येतात. आता नळीच्या मधल्या रेषेवरून सगळी होडी एकदा फिरून या. समजा ती लांबी ५०० सेंटिमीटर भरली. ४५० गुणिले ५००, म्हणजे २,२५,०००. शेवटची तीन शून्ये काढा. २२५ लिटर.

ही मापे आम्ही भाच्याच्या होडीचीच दिली आहेत. सांधा तात्पुरता चिकटवून, हवा भरून, अंगणात टेपने घेतली. २२५ किलोला ती होडी पाण्याखाली जाणार, आणि खोक्यावर लिहिले होते २००! म्हणजे दोनशे किलो घातले तर काठोकाठ बुडालेल्या होडीत बसावे लागले असते. वारा आला, लाट आली, कोणी उभे राहिले, की संपले. भाचा म्हणाला, "मामा, खोक्यावर लिव्हलंय म्हणून आम्ही दोघं बसायचो की." दोन माणसांचे १२०, ओल्या जाळ्यांचे २०, मासळीचे ३०. एकूण १७० किलो. होडीचा तीन चतुर्थांश भाग पाण्यात.

आमचा नियम असा ठरला: हिशेबाने जे लिटर निघतील त्याच्या निम्म्याहून अधिक भार कधी घालू नये. २२५ ची होडी असेल तर ११० किलो. म्हणजे एक माणूस, त्याची जाळी आणि बेताची मासळी.

दाजींची ट्यूबही मोजली. जाडीचा घेर ८२, मधली रेषा २३२ सेंटिमीटर. सव्वाशे लिटरच्या आसपास. दाजींचे वजन ६२. बसलेल्या माणसाचे पाय पाण्यात असतात, म्हणून भार थोडा हलका होतो. तरी जाळे आणि पंधरा किलो चिलापी मांडीवर घेतली की निम्म्याची मर्यादा ओलांडते. त्यावर दाजींचा जुना उपाय आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. मासे ते मांडीवर घेत नाहीत, जाळीच्या पिशवीत घालून ट्यूबला बाहेरून बांधतात, पाण्यातच ठेवतात. पाण्यात माशाचे वजन जवळजवळ नसतेच.

रबर, प्लॅस्टिक आणि कापड

दुसरा प्रश्न, साधन कशाचे बनले आहे.

ट्रकची ट्यूब ही बहुधा ब्युटाइल रबराची असते. हे रबर हवा फार चांगली धरून ठेवते, घासले तरी लवकर फाटत नाही आणि गावातल्या पंक्चरवाल्याला ते दुरुस्त करता येते. गरिबाच्या दृष्टीने हा मोठा गुण. पण ट्यूब घेताना ती भंगारातली असते हे विसरू नये. हवा भरून पाहा. कुठे एका जागी बेडकाच्या गळ्यासारखा फुगवटा येत असेल तर तेथे रबर विरले आहे, ती ट्यूब परत करा. व्हॉल्वच्या बुडाशी बारीक चिरा असतील तर परत करा. ठिगळे शिजवून लावलेली असावीत, नुसती चिकटवलेली नकोत. आणि पंक्चरवाल्याला बजावून सांगा की टायरात घालायची नाही. ट्रकच्या चाकात शंभर पौंडांच्या घरात हवा असते, ती टायर सांभाळते. उघडी ट्यूब तसा दाब मुळीच सोसणार नाही. अंगठ्याने दाबल्यावर थोडी दबेल इतपतच हवा भरायची.

ट्यूबचा मोठा दोष असा की तिला एकच कप्पा असतो. एक काटा लागला की सगळीच जाते. म्हणून दोन ट्यूबा फळीने एकत्र बांधाव्यात. पुन्हा आपली जुनी सांगडच! एक गेली तर दुसरी माणसाला काठाला आणते. लोखंडी व्हॉल्व जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून टाकावा, म्हणजे जाळे अडकत नाही आणि मांडीला इजा होत नाही.

फुगवायच्या होड्या तीन जातींच्या आहेत. पहिली जात नुसत्या पातळ प्लॅस्टिकची. आत कापड नसते. पोहण्याच्या तलावात पोरांनी खेळायच्या वस्तू याच प्लॅस्टिकच्या असतात. आमच्या भाच्याची होडी याच जातीची निघाली. कशी ओळखायची? फुगवण्यापूर्वी चिमटीत धरून ताणून पाहा. रबरासारखी ताणली जात असेल तर कापड नाही. उजेडासमोर धरा, विणकामाची जाळी दिसत नसेल, फाटलेल्या काठाला धागे दिसत नसतील, तर ती पोट भरण्याच्या कामाची नव्हे.

दुसरी जात पॉलिस्टरच्या कापडावर दोन्ही बाजूंनी पी.व्ही.सी. चढविलेली. कामाच्या होड्या बहुतेक याच असतात. कापडाची जाडी ०.७ ते ०.९ मिलिमीटर असली तर ठीक. दुकानदाराला जाडी विचारा. ज्याला ती सांगता येत नाही, त्याच्याकडून वस्तू घेण्याची घाई करू नका.

तिसरी जात हायपालॉन रबराची. ऊन, पेट्रोल, खारे पाणी यांना ती सर्वांत टिकते आणि किमतीलाही तशीच असते. हायपालॉन हे मूळ एका अमेरिकन कंपनीचे व्यापारी नाव. २०१० साली तिने ते बनविणे बंद केले. त्या जातीचे रबर दुसरे कारखाने करतात, पण बाजारात जुनेच नाव चालते. आपल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीला दुसरी जात पुरेशी आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सायकलच्या ट्यूबचे सोल्युशन पी.व्ही.सी.ला धरत नाही. पी.व्ही.सी.चे चिकटद्रव्य वेगळे, हायपालॉनचे वेगळे. होडीबरोबर त्याच कापडाचे ठिगळ आणि त्याचेच चिकटद्रव्य मिळते का, हे घेतानाच पाहावे.

कप्पे, सांधे आणि व्हॉल्व

घरात एकच खोली असेल आणि छप्पर गळू लागले तर जायचे कुठे? होडीचेही तसेच. बाहेरच्या नळीला निदान दोन वेगळे कप्पे हवेत, तीन असले तर उत्तम. बसण्याची उशी आणि तळ यांत हवा असते म्हणून काही दुकानदार 'तीन कप्पे' म्हणून सांगतात. भाच्याला तसेच सांगितले गेले होते. तळाचा फुगा माणसाला वाचवीत नाही. प्रत्येक कप्प्याला स्वतःचा व्हॉल्व आहे का ते मोजा. मग एका कप्प्याची हवा मुद्दाम सोडा आणि काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात बसून पाहा. उरलेल्या कप्प्यांनी तुम्हांला तोलले पाहिजे. ही परीक्षा ज्या होडीने दिली नाही तिने खोल पाण्यात जाऊ नये.

सांधा म्हणजे होडीचा प्राण. दोन पट्ट्या एकमेकींवर चांगल्या बोटभर रुंदीने चढलेल्या असाव्यात, आणि वरून आणखी एक पट्टी असावी. नखाने काठ उचलून पाहा. उचलला गेला तर उद्या पाण्यातही उचलला जाईल. वल्ह्याच्या कड्या आणि दोरीची कडी कापडाला नीट मोठ्या चकतीने जोडलेली असावी. पुष्कळ होड्या येथूनच फाटतात.

व्हॉल्व असा हवा की झाकण उघडले तरी हवा बाहेर येऊ नये. आत एक पडदा असतो, तो हवा आत घेतो, बाहेर सोडीत नाही. नुसते प्लॅस्टिकचे बूच असलेली होडी घेऊ नका. कॅरमच्या सोंगटीएवढे बूच जाळ्यात अडकून निघाले, की पुढे काय होईल ते सांगायला नको.

खरेदी पक्की करण्यापूर्वी होडी फुगवून एक रात्र सावलीत ठेवायला सांगा. सकाळी किंचित मऊ पडली तर हरकत नाही, रात्रीच्या गारव्याने हवा आकसते. पण सुरकुत्या पडल्या तर नको. साबणाचा फेस सांध्यांवर आणि व्हॉल्ववर लावा. बुडबुडा आला की तेथे चोर आहे.

उन्हाची गोष्ट

भाच्याची होडी का फुटली? पाण्यात काटा लागला नव्हता. ती फुटली उन्हाने.

बाहेरच्या वातावरणाचा दाब चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड असतो. होडीत त्याहून दोन पौंड जास्त हवा भरली असे धरा. सकाळी ३० अंशांत भरलेली ती हवा तापलेल्या खडकावर ६० अंशांपर्यंत गेली, आणि होडी ताणली गेली नाही असे मानले, तर तो जादा दाब दोनाचा साडेतीनच्या वर जातो. जवळपास दुप्पट! पातळ प्लॅस्टिक ताणले जाते म्हणून दाब थोडा कमी भरेल, पण तो ताण सांध्यावरच येतो. सांधा दुपारीच सैल झाला होता. पाण्यात बसल्यावर माणसांच्या भाराने तो उघडला.

म्हणून काठावर आल्यावर आधी थोडी हवा सोडावी, मग होडी सावलीत ओढावी. सावली नसेल तर ओले पोते टाकावे. उलटही लक्षात ठेवावे. दुपारच्या उन्हात ताठ भरलेली होडी गार पाण्यात गेली की मऊ पडते. तेव्हा पाच मिनिटे पाण्यात ठेवून, पुन्हा पंप मारून, मग बसावे. पंप घरी ठेवून जाऊ नये.

पाणी पाहून साधन

उजनीसारख्या जलाशयाच्या पोटात जुनी गावे आहेत, भिंती आहेत, उभ्या वाळलेल्या बाभळी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि त्याबरोबर बाभळीचे शेंडेही पाण्याच्या पातळीशी येतात. काटा रबर पाहत नाही आणि कापडही पाहत नाही. अशा जागी लाकडाची किंवा फायबरची होडीच बरी. हवेच्या साधनाने जायचेच तर वाट ठरलेली असावी. शिंगट्याचा काटाही कमी नाही. तो मासा होडीच्या नळीवर कधी टाकू नये, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये किंवा पोत्यात टाकावा. गळ बुचात खोचून ठेवावेत.

अमेरिकेत हौशी गळवाले एका माणसाच्या फुगवायच्या आसनात बसतात आणि पायांत बदकाच्या पंजासारखे पंखे घालून मागे मागे सरकतात. आधी ही आसने ट्यूबसारखी गोल होती. संकटात गोलातून बाहेर पडता येत नाही म्हणून पुढे ती समोरून उघडी, नालेच्या आकाराची झाली. आपल्या ट्यूबवाल्यांनी यातून एक धडा घ्यावा. ट्यूबच्या मधल्या छिद्रात अडकून बसू नये. छिद्रावर खाटेसारखी दोरी विणावी आणि वर बसावे, म्हणजे उलटल्यास अंग मोकळे राहते.

थर्माकोलचे तराफेही पुष्कळ दिसतात. थर्माकोल फुटत नाही हे खरे, पण तुकडे पडतात आणि पेट्रोलचा स्पर्श झाला तर ते विरघळते. वापरायचेच तर पोत्यात शिवून वापरावे.

आणि वारा. हवेचे साधन हलके असते, त्याला वारा नेईल तिकडे ते जाते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडून गेले. एक जण पोहून काठाला लागला. ती तर मोठी बोट होती. चैत्र-वैशाखात दुपारनंतर आभाळ भरून आले, की वळीव कोणाचे ऐकत नाही. या दोन महिन्यांत हवेच्या साधनाने पहाटे जावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे, हाच नियम.

जीव वाचविणाऱ्या चार वस्तू

पहिली वस्तू जीवनरक्षक जाकीट. 'मला पोहता येते' हे उत्तर भाच्यानेही दिले होते. पाय जाळ्यात असताना पोहणे चालत नाही. जाकिटावर न्यूटनचा आकडा असतो. १०० न्यूटन म्हणजे सुमारे दहा किलोची उचल. पाण्यात माणसाचे वजन काही किलोच राहते, म्हणून तेवढी पुरे. ५० न्यूटनचे जाकीट चांगले पोहणाऱ्यासाठी, काठाजवळ आणि मदत हाताशी असताना. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर धरील अशी खात्री नाही. घरात एकच जाकीट घ्यायचे असेल तर १०० चे घ्या. ज्याच्या अंगावर बसेल त्याच्याच मापाचे घ्या, आणि पट्टे बांधूनच बसा.

दुसरी वस्तू घट्ट झाकणाचा रिकामा कॅन, लांब दोरीने बांधलेला. त्याला पैसे पडत नाहीत. आमच्या भाच्याला यानेच वाचविले.

तिसरी वस्तू छोटी सुरी, गळ्यात किंवा जाकिटाला अडकवलेली. दाजींचे दात दर वेळी वेळेवर पोहोचतीलच असे नाही.

चौथी वस्तू शिट्टी. पाण्यावर हाक वाऱ्याने विरते, शिट्टी लांब जाते.

आणि पाचवी गोष्ट वस्तू नव्हे, सवय आहे. एकट्याने जाऊ नये. जाताना घरात सांगून जावे: कोणत्या बाजूला, किती वाजता परत. माता-भगिनींनो, ही वेळ टळून गेली तर वाट पाहत बसू नका, शेजारच्यांना उठवा. संकोचाने गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

वहीचा प्रश्न

आता बचत गटाच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो आणि विहारात हा सगळा हिशेब फळ्यावर मांडला. आमचे म्हणणे असे होते: होडीसाठी कर्ज देऊ नका असे नाही, पण वस्तू पाहिल्याशिवाय देऊ नका. अर्जाबरोबर चार गोष्टींची नोंद घ्या. कापड कोणते व किती जाड. कप्पे किती. टेपने काढलेला लिटरचा आकडा किती. आणि जाकीट घेतले का. जाकिटाची किंमत कर्जातच धरा, वेगळी ठेवलीत तर ते कधीच घेतले जाणार नाही. पावती आणि हमीपत्र गटाच्या फायलीत लावा. पावती नसेल तर फुटलेल्या होडीची दाद कोणाकडे मागणार? भाच्याची पावती नव्हती. हप्ते मात्र होते.

आणखी एक. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मासेमारांच्या सामूहिक अपघात विम्याची तरतूद करण्यात आली. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख आणि दवाखान्याच्या खर्चाला पंचवीस हजार रुपये. हप्ता मासेमाराने भरायचा नाही, सरकारने भरायचा. पण नाव यादीत असले पाहिजे. आपले नाव चालू वर्षी नोंदले आहे का, हे संस्थेच्या चिटणिसाला किंवा मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, अर्ज करा आणि पोच घ्या. दाजींचे नाव आहे असे सगळे समजत होते. आम्ही यादी पाहिली. नव्हते. आता आहे.

शेवटी काय झाले? दोन अर्जांपैकी एका घराने होडीचा विचार सोडला. दोन चांगल्या ट्यूबा, मधे फळी, दोन जाकिटे, एवढ्यातच त्यांचे काम भागले आणि कर्ज एक तृतीयांशावर आले. दुसऱ्या घराने पी.व्ही.सी. कापडाची, तीन कप्प्यांची होडी घेतली. अध्यक्षबाई स्वतः पुण्याला गेल्या, दुकानात टेप काढली आणि घेर मोजू लागल्या. दुकानदार हसला. बाईंनी मान वर न करता पुढचे माप घेतले.

आमच्या भाच्याने जुनी होडी फेकली नाही. तिचे प्लॅस्टिक कापून बहिणीने पावसाळ्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्यावर घातले. भाचा आता दाजींच्या जोडट्यूबवर जातो. जाकीट नारिंगी रंगाचे आहे. गावातली पोरे त्याला हसत, असे तो सांगत होता.

"मग तू काय करतोस?" आम्ही विचारले.

"काय करायचंय मामा? आई दारात उभी राहती. पट्टा बांधल्याबिगर ती जाळं हातात देत नाही."